किल्ली नानांच्या हातात दिलीत म्हणून

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही आणि गाड्या दुरुस्त करायच्या तुमच्या शेडचा पत्ताही सांगत नाही. "ताई, नाव कुठं टाकू नका, हितं आधीच गाड्या लावायला जागा न्हाई," असं तुम्ही बजावलं होतंत. पण पत्र मात्र सगळ्यांदेखत लिहितेय. माझ्या वडिलांना, नानांना, बोल लागला तो चारचौघांत, मग तुमचे आभार तरी कानात कशाला मानायचे?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वाढे फाट्याजवळ आमच्या गाडीचं पुढचं डावं चाक बसलं. पंक्चर काढणाऱ्या पोरानं चाक खोलून आडवं टाकलं आणि मला हाक मारली, "ताई, हे बगा जरा." बाहेरच्या अंगानं टायर छान दिसत होता, नक्षी खोल, कुठं काही नाही. आतल्या कडेला मात्र दोन बोटं रुंदीची पट्टी काचेसारखी गुळगुळीत, आणि एका जागी तार वर आलेली. टायर घालून आठ महिने झाले होते, गाडी जेमतेम ११,००० किलोमीटर फिरली होती. गाडीबरोबर आलेले टायर ३८,००० पर्यंत गेले होते! आतली कड दिसायची म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवून मागून वाकून बघावं लागतं. एवढं कोण वाकतंय? आठवडाभरापूर्वी त्याच टायरवर आम्ही पोरांना घेऊन यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलो होतो, भर पावसात. त्या रात्री मला झोप आली नाही.

त्यानंतर आम्ही गेलो ते हायवेकडच्या मोठ्या दुकानात. काचेचं, एसीचं, कॉफीच्या मशीनचं. टायर तिथूनच घेतले होते. जानेवारीत आणि मार्चमध्ये अलाइनमेंटही, म्हणजे चाकं सरळ आहेत का ते मशीनवर बघून लावणं, तिथंच केलं होतं, दोन्ही वेळेला छापील कागद मिळाला होता, सगळे आकडे हिरवे, म्हणजे बरोबर. तिसऱ्यांदाही हिरवेच आले. काउंटरवरच्या मुलानं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "मॅडम, प्रॉब्लेम गाडीत नाहीये. चालवतं कोण?"

मी म्हटलं, मी आणि वडील.

त्यानं काचेतून बाहेर नानांकडं बघितलं. "वय झालं की अंदाज चुकतो. खड्ड्यात घालतात, कडेला घासतात. चारही टायर बदलून घ्या, आणि पुढं जरा लक्ष ठेवा." अठरा हजार चारशे रुपये. हे बोलताना त्याच्या आवाजात तिरकेपणा नव्हता, हे सगळ्यात वाईट. आपण ताईंना मदत करतोय असंच त्याला वाटत होतं. नाना तेवढ्यात दार ढकलून आत आले होते. सोफ्यावर बसलेल्या तीन-चार लोकांनी मोबाईलमधून मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं.

नाना ७१ वर्षांचे आहेत. ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. पसरणीचा घाट धुक्यात उतरवलाय, खंबाटकीत बोगदा होण्याआधीच्या काळात रात्रपाळ्या केल्यात. विनाअपघात सेवेचा बिल्ला आईनं देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलाय, हळदीकुंकवाच्या डब्याशेजारी. दुकानात नाना एक शब्द बोलले नाहीत. घरी आले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि पुढं तीन आठवडे तिला हात लावला नाही. सोमवारी कोरेगाव तालुक्यात आमच्या रानात जायचं असतं, तर अर्धं तिकीट काढून एसटीनं जायला लागले. संध्याकाळी परत आले की एवढंच सांगायचे, "ड्रायव्हरमागची सीट मिळाली."

आणि आता तुम्हाला न सांगितलेली गोष्ट. मलाही क्षणभर वाटलं होतं की असेल, नानांचंच चुकत असेल. तोंडाने बोलले नाही, पण किल्ली खिळ्यावर राहिली तेव्हा "नाना, घ्या की" असं म्हटलंही नाही. माझं हे गप्प बसणं त्यांना कळलं नसेल असं समजण्याइतकी मी लहान नाही.

तुमच्याकडं पाठवलं आमच्या बँकेच्या ब्रँचमधल्या शिपाईमामांनी. एमआयडीसीच्या मागल्या अंगाला पत्र्याचं शेड, मधोमध गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा, कोपऱ्यात उसाच्या ट्रॉलीचा दांडा टेकवून ठेवलेला. मी स्टेपनीवर गाडी आणली होती, नाना मागं बसले होते. मी फाइल काढून तुम्हाला तिन्ही कागद दाखवायला लागले. तुम्ही कागद हातात घेतलेत, उलटे करून बॉनेटवर ठेवलेत आणि मागचं दार उघडून नानांना विचारलंत, "काका, ब्रेक मारल्यावर गाडी कुणीकडं वढतीय का?"

नाना थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "डावीकडं. जोरात मारला की. आणि गतिरोधक उतरताना खालून टक् वाजतं. फेब्रुवारीपासून."

मला हे माहीतच नव्हतं, दादा. मी तीच गाडी रोज चालवत होते, रेडिओ लावून.

"मग सांगितलं न्हाई कुणाला?"

"मार्चमध्ये सांगितलं त्या दुकानात. म्हणाले, रस्तेच खराब आहेत."

तुम्ही हसलात. "निम्मं काम तुमीच केलंय की मग. या खाली."

पुढचा सगळा तपशील मी इथं घालत नाही, मला तो नीट सांगताही यायचा नाही. पण दोन गोष्टी डोळ्यांपुढून हलत नाहीत. पहिली म्हणजे, काढलेला टायर तुम्ही फडक्यानं पुसलात, नानांचा तळहात धरून नक्षीवर आडवा फिरवलात. आतून बाहेर आणला तेव्हा हात सरळ आला, बाहेरून आत नेला तेव्हा अडखळला. मीही फिरवून पाहिला, करवतीचे बोथट दात लागावेत तसं लागलं. तुम्ही सांगत होतात आणि नाना मान डोलवत होते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, लाटा-लाटा पडल्या तर धक्के झेलणारे शॉकअप गेलेत किंवा चाकाचं बॅलन्सिंग नाही. आणि एकच कड जाऊन वर अशी करवत लागली तर चाक सरळ पळत नाही, फरफटत चाललंय. खड्ड्यात गाडी आदळणाऱ्याचा टायर असा दिसत नाही, त्याच्या साइडला फुगा येतो, रिमला पोचा पडतो. "हितं एक तरी पोचा दिसतोय का, काका?" असं तुम्ही मोठ्यानं विचारलंत. खड्ड्यातल्या पोरालाही ऐकू जावं म्हणून मोठ्यानं विचारलंत की काय, असं मला नंतर वाटलं.

मग टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून तुम्ही डाव्या लोअर आर्मला, चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याला, हिसका दिलात. त्याच्या सांध्यातला मागचा रबरी बुश फाटला होता, रबर दोन तुकड्यांत उघडझाप करत होतं. नाना गुडघ्यावर बसून बॅटरीचा उजेड धरून बघत होते. मी विचारलं, मग मशीनवर आकडे हिरवे कसे? तुम्ही म्हणालात, "मशीनवर गाडी हुबी असती ताई. तितं ब्रेक कोण मारतंय?" ब्रेक लागला की फाटक्या बुशात चाक मागं सरकायचं, तोंड बाहेर फिरवायचं, आणि आतली कड रस्त्यावर घासायची. सुटला की परत जागेवर. आकडे खोटे नव्हते, ते उभ्या गाडीचे होते.

आता मूळ मुद्द्याला येते. काम संपलं. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, कारण एक गेला की दुसरा मागोमाग जातोच असं तुम्ही म्हणालात. पुढचे दोन टायर नवे घातले होते, मागचे तसेच ठेवायला लावलेत. अलाइनमेंट बुश बसवल्यानंतर, आधी नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. तुम्ही साबणानं हात धुतलेत, खिशातल्या रुमालानं किल्ली पुसलीत. मी सवयीनं हात पुढं केला. किल्ली माझ्या हातापासून वीतभर लांब होती. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आणि ती नानांच्या हातात दिलीत. "चला काका, एक चक्कर मारू. ब्रेक तुमच्या पद्धतीनं मारा, मी बाजूला बसतो."

नाना माझ्याकडं बघायला लागले. ७१ वर्षांचा माणूस लेकीची परवानगी मागत होता, दादा! मी मान हलवली असेन. तुम्ही तोवर पलीकडं जाऊन बसलात, पट्टा लावलात, काच खाली केलीत आणि बाहेर बघत राहिलात, जसं काही नानांनी सीट पुढं घ्यायला, आरसा लावायला कितीही वेळ लावला तरी तुमची हरकत नाही. आरसा त्यांनी दोनदा लावला. मग डाव्या-उजव्या आरशात बघून, हाताचा इशाराही करून (हो, अजून करतात) गाडी बाहेर काढली.

मला वाटलं कोपऱ्यापर्यंत जाऊन याल. तुम्ही पार शेंद्र्यापर्यंत गेलात. मी शेडमध्ये स्टुलावर बसले होते, पोरानं चहा आणून दिला. परत आलात तेव्हा दोघंही बोलत होतात आणि दोघांचंही एकमेकांकडं लक्ष नव्हतं. नाना सांगत होते की एसटीत नवा टायर पुढं आणि रिमोल्ड, म्हणजे वर नवं रबर चढवलेला जुना, मागं, आणि तुम्ही सांगत होता ट्रॉलीच्या टायरांचं. नाना उतरले आणि एवढंच म्हणाले, "सरळ थांबते." मी तोंड फिरवून चहाचा ग्लास धुवायला गेले. तो ग्लास मी तीनदा धुतला.

बिल झालं १,९०० रुपये, टायर सोडून. पेढ्यांचा पुडा दिला तर त्यातले दोन उचलून बाकीचा परत केलात.

त्या काचेच्या दुकानाबद्दल अजून लिहायचं होतं, पण राग उतरलाय. त्याचं एक कारण असं की मीही काउंटरच्या आतच बसते. बँकेत एखाद्या म्हाताऱ्या माणसाची सही जुळत नाही तेव्हा मीही स्क्रीनकडं बघत "जुळत नाही" म्हणते, आणि मागचा माणूस पुढं बोलावते. मशीन वाईट नसतं, तुम्हीही शेवटी आम्हाला अलाइनमेंटला तशाच मशीनवर पाठवलंत. पण विचारायला काय लागतं? परवा एका आजींची सही चौथ्यांदा चुकली, तेव्हा मी उठून बाहेर गेले आणि विचारलं, हात दुखतो का? मनगटाला सुजेवरची पट्टी होती, पदराखाली. मला ती काचेतून दिसत नव्हती.

नाना आता दर रविवारी सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी हवा बघतात, टायर थंड असतानाच, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे. महिन्यातून एकदा स्टिअरिंग वळवून आतली कड. सोमवारी रानात गाडीनंच जातात. काल पार्किंगमध्ये शेजारच्या जोशीकाकूंच्या जावयाच्या गाडीपाशी वाकलेले दिसले. त्या बिचाऱ्याला काहीच विचारलं नव्हतं यांनी, तळहात फिरवत होते टायरवरून. मग उठून त्याला म्हणाले, "ब्रेक मारल्यावर ओढते का हो कुठं?"

तो शनिवारी येणार आहे तुमच्याकडं. करडी गाडी आहे. पेढे त्याच्याजवळ नानांनीच दिलेत, या वेळी अख्खा पुडा ठेवून घ्या.

तुमची,
डावीकडं ओढणाऱ्या गाडीवाल्या नानांची लेक
सातारा