राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विसर नको

महोदय,

देशांतर्गत फुटबॉलची चर्चा आता इंडियन सुपर लीगपासूनच सुरू होते, हे खटकते. १९९६ साली सुरू झालेली राष्ट्रीय फुटबॉल लीग ही देशव्यापी पातळीवरील पहिली क्लब लीग होती. फगवाड्याच्या जेसीटीने पहिले विजेतेपद मिळवले आणि त्या हंगामात त्यांच्याच बायचुंग भुतियाने सर्वाधिक गोल केले. पुढील वर्षांत कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांनी प्रत्येकी तीनदा बाजी मारली. पण साळगावकर आणि दोनदा विजेत्या ठरलेल्या धेंपो या गोव्यातील संघांनी तसेच २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने ही मक्तेदारी मोडली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

२००७ मध्ये राष्ट्रीय लीगची जागा आय-लीगने घेतली, आणि उद्योगसमूहांच्या आधारावर उभे असलेले महिंद्रा युनायटेड (२०१० मध्ये) व जेसीटी (२०११ मध्ये) हे दोन्ही माजी विजेते संघ बंद झाले. मालकाच्या इच्छेवर टिकलेल्या संघाला स्थानिक प्रेक्षकांचे भक्कम पाठबळ उभारता आले नाही, हे माझ्या मते यामागील मोठे कारण आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्या अकरा हंगामांचे निकाल, संघांच्या याद्या व छायाचित्रे एकत्र करून सर्वांना खुली करावीत.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, मुंबई