आधी शू, मग केबल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. हँडब्रेकचा दांडा पूर्वीपेक्षा बराच वर ओढावा लागतो, पेडलही खोल जाते, तेव्हा मागचे ब्रेक शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबून धरणारे अर्धगोल तुकडे) घरीच बदलावेत का, असे तू विचारले आहेस. आणि तत्पूर्वी हँडब्रेकची केबल ताणून पाहावी का, असाही तुझा एक प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर होकाराचे आहे आणि दुसऱ्याला स्पष्ट नकाराचे. या नकाराचे कारण आधी सांगतो, कारण पुढच्या सगळ्या कामाचा क्रम त्यावरच ठरतो.

पेडल दाबले की चाकापाशी असलेल्या व्हील सिलिंडरमधले दोन पिस्टन दोन्ही शूंना बाहेर ढकलतात आणि शूंवरचे लायनिंग (घर्षणाचा थर) ड्रमच्या आतल्या भिंतीला घासते. लायनिंग झिजत जाते तसे शू आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढते, ते भरून काढण्यासाठी अधिक ब्रेक ऑइल ढकलावे लागते आणि म्हणून पेडल खोल जाते. हँडब्रेकही तेच शू ढकलतो, फक्त ऑइलऐवजी केबल आणि एक तरफ वापरून. त्यामुळे अंतर वाढले की दांडाही वर जातो. हे अंतर कमी करण्यासाठी दोन शूंच्या मधल्या आडव्या दांडीवर आटे असलेली एक दातेरी चक्री बसवलेली असते. ती फिरवली की दांडी लांबते आणि शू ड्रमजवळ सरकतात. म्हणजे तुझ्या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे. केबल ताणल्याने दांडा खाली येईल, पण पेडल होते तिथेच राहील. शिवाय ड्रममधली तरफ कायमची पुढे ओढलेली राहील, शू पूर्णपणे मागे येणार नाहीत आणि ज्या गाड्यांत ही चक्री आपोआप फिरवणारा स्वयंचलित अ‍ॅडजस्टर या तरफेच्या हालचालीवर चालतो, त्यांत तो काम करणेच थांबवेल. खरा दोष असा झाकला जातो आणि वाढतही राहतो.

शू मागवण्यापूर्वी एक साधी तपासणी करून घे. गाडी उभी असताना हँडब्रेक चांगला ओढून ठेव आणि मग पेडल दाब. ते लक्षणीय उंचीवर लागले, तर मागच्या शूंचे अंतर वाढले आहे असे समजायला हरकत नाही. पेडल स्प्रिंगसारखे दबत असेल तर नळ्यांत हवा शिरलेली असण्याची शक्यता अधिक, आणि पाय दाबून धरला असता ते हळूहळू खाली बसत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा मास्टर सिलिंडर बिघडला आहे. या शेवटच्या स्थितीत शू बदलून काहीही साधणार नाही, आणि गाडी रस्त्यावर नेऊही नयेस.

कामाला सपाट, कठीण जमीन हवी. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लाव, गाडी गिअरमध्ये ठेव, हँडब्रेक मात्र पूर्ण सोड, नाहीतर ड्रम निघणार नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले कर. जॅक केवळ उचलण्यासाठी असतो. गाडी पेलण्यासाठी गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी स्टँड लाव आणि जोर देऊन ती हलत नाही याची खात्री कर. याबाबतीत माझ्याकडून कोणतीही सवलत मिळणार नाही.

चाक काढल्यावर ड्रम दिसेल आणि तो सहजासहजी निघणार नाही, हेही गृहीत धर. दोन कारणांनी तो अडतो. एक म्हणजे मधल्या हबवर (ड्रम आणि चाक ज्यावर बसतात त्या भागावर) साचलेला गंज. त्यावर गंज सोडवणारे तेल मारून थांबावे, नटांच्या बोल्टांमधल्या सपाट भागावर हातोडीने ठोकावे (कडेवर कधीही नाही, ओतीव लोखंड तडकते), आणि ड्रमवर आटे पाडलेली दोन भोके असतील तर त्यांत योग्य बोल्ट घालून ते आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करावेत, म्हणजे ड्रम समान बाहेर येतो. दुसरे कारण अधिक फसवे असते: शू जिथे घासतात तिथे ड्रम आतून झिजून कडेला एक उंचवटा उरतो आणि शू त्यालाच अडकतात. अशा वेळी बॅकिंग प्लेटवरचे (ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्यावरचे) रबरी बूच काढून, आतल्या भोकातून स्क्रू ड्रायव्हरने चक्री उलट फिरवून शू मागे घ्यावे लागतात. स्वयंचलित अ‍ॅडजस्टरची पट्टी चक्रीला रोखत असेल तर ती दुसऱ्या पातळ हत्याराने उचलून धरावी लागते. काही गाड्यांत ड्रम आणि हब एकच असून बेअरिंग त्यातच असते. तुझी गाडी तशी असेल तर मधला मोठा नट काढावा लागेल, आणि तो बसवताना पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावा लागेल. बहुतेक ठिकाणी तो नट नवाच वापरायचा असतो.

आतली काळी धूळ फुंकू नकोस आणि हवेच्या नळीने उडवू नकोस. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असे आणि त्याचे तंतू फुप्फुसांत गेले की कर्करोगापर्यंत मजल जाते. आजचे बहुतेक शू त्याविना बनत असले, तरी तुझ्या गाडीत यापूर्वी काय बसवले गेले हे तुला ठाऊक नाही. चांगला मास्क लाव, ब्रेक क्लीनरने धूळ ओली कर आणि खाली भांडे ठेवून ती धुऊन घे.

आता एकाच बाजूला हात लाव. दुसरी बाजू जशीच्या तशी राहू दे, कारण कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात होती हा प्रश्न पडला की तिथे पाहता येते. ती बाजू आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी असते, एवढे मात्र ध्यानात ठेव. फोटोही काढून ठेव. स्प्रिंग काढताना चष्मा हवाच. साधी पक्कडही चालते, पण स्प्रिंगसाठीचे खास हत्यार मिळाले तर बोटे वाचतात. दोन शू वरवर सारखे दिसले तरी त्यांची अदलाबदल करू नये. चाक पुढे फिरत असताना एक शू ड्रमच्या फिरण्याबरोबर आत ओढला जातो आणि दाराखाली सरकवलेली पाचर दार ढकलावे तशी अधिकच रुतते, तसा तो ड्रमला अधिक घट्ट धरतो. दुसऱ्या शूला हा लाभ नसतो. त्यामुळे अनेक गाड्यांत दोघांच्या लायनिंगची लांबी किंवा जागा वेगळी असते, आणि हँडब्रेकची तरफ तर एकाच शूवर असते.

शू निघाले की खरी पाहणी सुरू होते. व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपणे हलकेच उचलून पाहा. आत किंचित ओलसरपणा चालतो. ऑइल ओघळले तर सिलिंडर बदलायला हवा, कारण त्याच ऑइलने नवे लायनिंगही भिजून निकामी होईल. ड्रम निघालेला असताना पेडलला कुणीही पाय लावू नये, पिस्टन बाहेर येतील. ड्रमवर त्याचा कमाल व्यास ओतलेला किंवा कोरलेला असतो. झीज त्या मर्यादेपलीकडे गेली असेल किंवा आत तडे असतील तर ड्रमही बदलावा. नुसती चकाकी आली असेल तर पॉलिश कागद पुरतो. स्प्रिंगांना फारसे कुणी मोजत नाही, पण उष्णतेने त्या सैल पडतात आणि सैल स्प्रिंग शूला मागे ओढत नाही. शूंबरोबर स्प्रिंगांचा नवा संचही घ्यावा, असे माझे मत आहे. शू मात्र नेहमी दोन्ही चाकांचे एकत्रच बदलायचे.

बॅकिंग प्लेटवर शूच्या कडा जिथे टेकतात त्या उंचवट्यांवर खळगे पडले नाहीत ना, हे पाहून तिथे उष्णता सोसणारे ग्रीस अगदी पुसटसे लाव. चक्रीचे आटे घासून स्वच्छ कर, त्यांनाही थोडे ग्रीस लाव आणि चक्री बोटांनी सहज फिरते ना ते पाहा. जाम झालेली चक्री हेच कितीतरी खोल पेडलांचे मूळ असते. डाव्या आणि उजव्या चाकाच्या चक्रीचे आटे सहसा एकमेकांच्या उलट असतात, म्हणून त्या मिसळू देऊ नकोस, नाहीतर स्वयंचलित अ‍ॅडजस्टर शू जवळ आणण्याऐवजी दूर नेईल. लायनिंगला तेलकट बोट लागता कामा नये.

आता अ‍ॅडजस्टमेंट. यासाठी घाई नसलेली दुपार राखून ठेव. हँडब्रेकची केबल अ‍ॅडजस्टरपाशी (केबलचा ताण ठरवणाऱ्या भागापाशी) आधी ढिली कर, म्हणजे तरफ पूर्ण मागे टेकेल. दोन्ही शू हाताने ढकलून मध्यावर आण. मग चक्री फिरवत जा आणि अधूनमधून ड्रम घालून पाहा. तो शूंवरून जेमतेम सरकेल इतके जवळ आल्यावर ड्रम बसवून ठेव. दुसऱ्या बाजूचेही काम पूर्ण झाले आणि दोन्ही ड्रम जागेवर बसले की पेडल काही वेळा दाब, म्हणजे शू आपली जागा धरतील. त्यानंतर बॅकिंग प्लेटच्या भोकातून चक्री फिरवून ड्रम हाताने फिरेनासा होईपर्यंत शू बाहेर आण आणि मग ड्रम मोकळा फिरून फक्त हलकी, सलग घासण्याची चाहूल लागेपर्यंत चक्री मागे घे. एका जागी घासून दुसरीकडे मोकळा फिरत असेल, तर ड्रम गोल राहिलेला नाही किंवा हबवर नीट बसलेला नाही. दोन्ही चाकांचा हाताला लागणारा विरोध सारखा असू दे. केबल यानंतरच आवळायची, आणि दांडा पुस्तिकेत दिलेल्या खटक्यांवर लागेल तेवढीच. दांडा पूर्ण सोडल्यावर चाके पुन्हा मोकळी फिरली पाहिजेत.

चाकाचे नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एकानंतर समोरचा असे, आवळ. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाब आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहा. जुने शू झिजल्यावर कुणी टाकी काठोकाठ भरली असेल तर आता ती ओसंडेल, आणि हे ऑइल रंग उतरवते. सुरुवातीला रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगातून हलक्या पायाने अनेकदा वेग कमी कर, मध्ये थंड होऊ दे. लायनिंग आणि ड्रम एकमेकांना जुळेपर्यंत ब्रेक थोडे कमी लागतील. परतल्यावर दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन पाहा. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर तिकडचे शू घासत आहेत, चक्री थोडी मागे घे. काहीशे किलोमीटरनंतर ही तपासणी पुन्हा करावी लागते.

शू मागवण्यापूर्वी एकदा ड्रम उघडून व्हील सिलिंडर कोरडा आहे का, हे मला कळव. तो बदलायचा झाला तर ऑइलची नळी उघडेल, नवे ऑइल लागेल (पुस्तिकेत डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचे जे लिहिले असेल तेच, आणि सीलबंद डब्यातले, कारण हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू त्यामुळे २३० अंश सेल्सिअसवरून १५५ पर्यंत उतरतो) आणि नळ्यांतली हवा काढावी लागेल. त्या कामाला एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने सिलिंडरवरचे हवा सोडण्याचे निपल उघडायचे असते. तसे असेल तर दिवस ठरव, पेडलवर मी बसेन.

तुझा मित्र