शेंगा सोलणाऱ्या मावशींना

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

मायना बरोबर आहे ना? दहावीच्या सरावपरीक्षेत याच ओळीवर माझे मार्क कापले गेले होते. तुमचं नाव लिहीत नाही, माझंही नाही; का, ते आपल्या दोघींना ठाऊक आहे. पत्र मात्र चारचौघांसमोर ठेवतेय. आमची गोष्ट लोकांना पेपरातल्या फोटोपुरती माहीत असते: पोलिसांची गाडी, ओढणीत तोंड झाकलेल्या पोरी, वर ठळक अक्षरांत 'सुटका'. २०१७ साली तशा एका फोटोत मी होते. वय १९. लग्नाच्या केटरिंगमध्ये वाढपाचं काम आहे म्हणून नात्यातल्याच एकीने बीडहून पुण्यात आणलं आणि बुधवार पेठेत कोठ्यावर विकलं. त्याबद्दल इथे एवढं पुरे.

कोर्टाने आधी तीन आठवड्यांसाठी ठेवलं, चौकशी झाली आणि मग आदेश निघाला. १९५६च्या पिटा (अनैतिक व्यापार प्रतिबंध) कायद्याचं कलम १७ : संरक्षण गृहात कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त तीन. मला ती शिक्षाच वाटली. विकलं तिने आणि आत मी! गेटला कुलूप, किल्ल्या तुमच्याकडे, मोबाइल नाही, घरी फोन लावला तर शेजारी कुणीतरी उभं. पहिले चार महिने मी तुम्हाला जेलरच समजत होते. तो राग अजूनही पुरता गेलेला नाही, मावशी. पण 'तुझ्या भल्यासाठीच आहे' हे वाक्य तुम्ही कधी तोंडावर फेकलं नाहीत. म्हणायचात, "चिड तू खुशाल. पण आधी जेव."

झोप हा मोठाच घोळ होता. संस्थेत दहाला दिवे बंद, आणि माझं अंग मात्र पेठेच्या वेळेवर चालायचं. तीन-तीन वाजेपर्यंत टक्क जागी. एका रात्री स्वयंपाकघरात उजेड दिसला. तुम्ही फतकल मारून शेंगा सोलत होतात. काही न विचारता अर्धा ढीग माझ्याकडे सरकवलात. दुसऱ्या रात्री पुन्हा. उद्याच्या भाजीला मूठभर कूट लागणार, आणि आपण सोललं परातभर! तुम्हाला पहाटे पाचला उठून तीस जणींच्या नाश्त्याचं बघायचं असे, हे मला फार उशिरा कळलं. समुपदेशक ताई चांगल्या होत्या, दर गुरुवारी नेमाने भेटायच्या; पण घडलेलं पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं ते त्या टरफलांच्या ढिगाशी.

शिवणकाम, मेंदी, पार्लर. जाल त्या संस्थेत हेच तीन क्लास! माझी शिवण तुम्ही पाहिलीच आहे. मी शिकायचं म्हटल्यावर बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरायचं तुम्हीच काढलंत. (कलम १७, फॉर्मही १७, आपण किती हसलो होतो.) शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, तर एसटीने माझ्या गावी जाऊन हेडमास्तरांसमोर बसलात. 'पोरगी कुठं असते?' याला 'पुण्यात शिकते' एवढंच उत्तर दिलंत. मार्च २०२०ची परीक्षा. कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवर मार्क मिळाले. माझा भूगोल वाचला.

त्याआधीच, २०१९मध्ये, संस्थेतली मुदत संपली होती. खरी भीती तेव्हा वाटली. गावी परत जायचं तर विकणारीचं घर आमच्या घरापासून चार घरं सोडून. संस्थेने भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत आम्ही चौघी राहायला गेलो. पहिले सहा महिने भाडं संस्थेचं, मग दर तीन महिन्यांनी आमचा वाटा थोडा थोडा वाढत गेला. रविवारी तुम्ही यायचात, बेल वाजवायचात आणि आम्ही 'या' म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभ्या राहायचात. जिच्या कमरेला गेटच्या किल्ल्या असायच्या तीच बाई. पहिल्या रविवारी तर 'या' म्हणायचं मला सुचेचना.

सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. दोन नोकऱ्या मी महिन्याच्या आत सोडल्या. एकदा भाड्याचे पैसे मोबाइलमध्ये घातले. चौघींपैकी एक परत पेठेत गेली. तिचा फोन तुम्ही अजून उचलता, हे मला माहीत आहे. २०२२ला कोर्टात विकणारीविरुद्ध माझी साक्ष झाली, तब्बल पाच वर्षांनी. समोरच्या वकिलाने विचारलेले प्रश्न इथे लिहिण्यासारखे नाहीत. फ्लॅटमध्ये माझ्या मागे कुणी नसतं, तर त्या तारखेला मी कोर्टाची पायरी चढले नसते. गावी असते तर केव्हाच 'मिटवून' टाकलं असतं.

आता हॉस्पिटलात वॉर्डमध्ये मदतनीस आहे. रात्रपाळी मी मागून घेते. सगळ्यांना नवल वाटतं. तीन वाजता जागं राहणं मला जमतं, आणि त्या वेळी पेशंटला काय विचारू नये हेही.

गेल्या महिन्यात भाडेकरार माझ्या एकटीच्या नावावर झाला. साक्षीदार म्हणून तुमची सही घेतली, पण चहासुद्धा पाजला नाही. ऑफिसात तुम्हीच घाई केलीत. डिपॉझिटसाठी घेतलेल्यातले चार हजार अजून द्यायचे आहेत, पुढच्या पगाराला देते. रविवारी घरी या. बेल वाजवा, मी 'या' म्हणेन. दोन किलो शेंगा आणून ठेवल्यात.

तुमची,
तीन वाजता जागी असणारी