बाबांच्या रिपोर्टाविषयी

लीड्स, इंग्लंड

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार.

दादाने पाठवलेला तुमचा रिपोर्ट वाचला. उपाशीपोटीची साखर ९८ आली म्हणून तुम्ही निश्चिंत झालात, आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३० इतके जास्त व एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३४ इतके कमी, हे आकडे मात्र ‘माझ्यासारख्या काटकुळ्याला कसली चरबी’ म्हणून बाजूला सारलेत, असे कळले. मला साखरेपेक्षा तेच दोन आकडे अधिक बोलके वाटतात.

चरबीच्या पेशींनी आपला साठा अवेळी रक्तात सोडू नये, हा धाकही साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिनच ठेवते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की ही चरबी यकृताकडे वाहू लागते, यकृत तिचे ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडते आणि त्यापाठोपाठ एचडीएल घटते. स्वादुपिंड मात्र जास्तीचे इन्सुलिन ओतून साखर अनेक वर्षे आटोक्यात ठेवू शकते. स्टॅनफर्डचे जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये ही सांगड मांडली, तेव्हा त्यांनी लठ्ठपणाला तिची अट मुद्दामच केले नव्हते.

आपल्याकडचा दाखला तर पुण्याचाच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला जोडीचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२. तुमचेही हातपाय बारीक आहेत, पण मागच्या दिवाळीत पट्टा शेवटच्या भोकावर आला होता आणि शर्टाची बटणे बेंबीपाशी ताणली होती, हे मी पाहिले आहे. आपल्याकडील पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात. आईच्या शिवणाच्या टेपने मोजून कळवा.

आईने पोह्यांवरची तर्री बंद केली, हे ठीक. पण अशा ट्रायग्लिसराइडला तेलाहून भात आणि साखर अधिक खतपाणी घालतात, कारण जास्तीच्या साखरेचीही यकृत चरबीच करते. तेव्हा रात्रीचा दुसऱ्यांदा वाढलेला भात, गोड चहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत खाल्ली जाणारी संत्रा बर्फी आधी आवरा. जेवणानंतर अंबाझरीच्या बाजूला पायी फिरून या. चालते स्नायू इन्सुलिनवर फारसे न विसंबता साखर ओढून घेतात.

तपासणीच्या आदल्या रात्री लग्नाची पंगत झाली होती, असेही दादा म्हणाला. म्हणून बारा तास उपाशी राहून चरबीची तपासणी पुन्हा करा, सोबत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) आणि थायरॉइडही पाहा, आणि तिन्ही कागद घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटा.

आईस नमस्कार.

तुमचा,
धाकटा