आई-बाबा, पुढच्या खोलीबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायला घेतलं की दादा स्पीकर लावतो, वहिनी मधूनच खोलीचं भाडं किती येईल ते सांगते आणि माझा मुद्दा राहूनच जातो, म्हणून सरळ लिहितेय. आई, चष्मा लाव आणि बाबांना वाचून दाखव.

सोलापुरातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत मी कॉफीचं दुकान टाकतेय. बाबा, कॅफे नाही हो, एसी, सोफा, दीडशे रुपयांचा मग असलं काही नाही. पितळी फिल्टर, स्टीलचे पेले, २० रुपयाला कॉफी आणि बसायला बाकडी, बास. तुम्ही म्हणालात सोलापुरात कॉफी कोण पिणार. अहो, उडप्याकडे इडली संपली की कॉफी मागणारे तुम्हीच ना? आणि आपल्या पूर्व भागात एका दारात तेलुगू, दुसऱ्या दारात कन्नड, फिल्टर कॉफी काय असते ते कुणाला समजावून सांगायला लागत नाही. फॉरेनचं फॅड म्हणाल तर बाबाबुदन नावाच्या सूफी संताने येमेनच्या मोका बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या असं सांगतात, म्हणजे विजापूर ओलांडून खाली जात राहिलं की कॉफीचाच मुलूख लागतो.

आई, आता तुला विचारते. तू आयुष्यात कधी चहाच्या टपरीवर बसून चहा प्यायलीस का? मला तर आठवत नाही. बाबांना अख्खं गाव आहे, चौकात उभं राहिलं तरी चार जण भेटतात. बायकांनी कुठं बसायचं? देवळात नाहीतर दवाखान्याच्या बाकावर. कारखान्यात विड्या देऊन येताना बायका आपल्या ओट्यावर टेकतात, तूच पाणी द्यायचीस, पण कुणी पुरुष आला की लगेच पदर सावरून उठतात. त्या उठू नयेत एवढंच मला पाहिजे. म्हणून दुपारची वेळ मी फक्त बायकांसाठी ठेवणारे, कॉफी घ्या नाहीतर नुसतं बसा. शेजारच्या काकू म्हणाल्या "बसायला पैसे नाहीत म्हणलीस तर दिवसभर उठणार नाही बघ" आणि स्वतःच हसल्या.

सकाळी सहापासून बाकीच्यांना. अभ्यासिकेतली एमपीएससीची पोरं, आणि बाबा, तुमचे मिलमधले दोस्त. मिल बंद झाल्यापासून त्यांची बसायची जागाच मोडली. तुम्ही युनियनवाले म्हणून सांगते, १९५७ला कॉफी बोर्डाने कॉफी हाऊस बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्याच कामगारांनी सोसायट्या काढल्या आणि इंडियन कॉफी हाऊस स्वतः चालवलं. माझी एवढी उडी नाही, पण कॉफीचा धंदा म्हणजे फक्त श्रीमंतांचा चोचला असं नाही.

आता हिशोब, कारण तुम्ही तेवढाच वाचणार. ब्राझील-व्हिएतनाममध्ये पाऊस दगा देऊन गेला तशी पावडर बरीच महागलीय, हे खरंय. चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड, जास्त घातली की स्वस्त पडतं, रंगही दाट येतो, कायद्याने मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के लागते एवढंच. मी ८०-२० घेणारे. एक लिटर दुधात दहा छोटे पेले बसतात, दूध, पावडर, साखर, गॅस धरून पेला तेरा-चौदा रुपयांना पडतो. लाखांचं मशिन घेतलं असतं तर हे गणित जमलंच नसतं. फिल्टरला फक्त हात बसायला लागतो, पावडर घट्ट दाबली तर डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरतच नाही आणि सैल ठेवली तर नुसतं काळं पाणी.

खरी भीती मला पाण्याची वाटते. नळ रोज येत नाही आणि पेले तर रोज धुवायचे! कागदी कप मला नकोत, म्हणून माळ्यावरचं पिंप काढून आणखी एक टाकी बसवतेय. आणि एप्रिल-मेमध्ये बेचाळीसच्या उन्हात गरम कॉफी कोण पिणार, तर तेव्हा त्याच डिकॉक्शनची कोल्ड कॉफी.

खायला शेंगापोळी ठेवायचीय, पण आई, सारण तुझ्यासारखं जमेना, माझं कोरडं होतंय. गुळाचं प्रमाण व्हॉट्सॲपवर टाक, अंदाजे नको, वाटीने सांग.

बाबा, घर तुमच्या नावावर आहे त्यामुळे लायसन्सला तुमचं संमतीपत्र लागतंय. कागद सोबत पाठवलाय, खाली सही करा, आधारची झेरॉक्स जोडा आणि दादाला म्हणावं उद्याच कुरिअर कर, गड्ड्याच्या जत्रेआधी सुरू करायचंय. सही करायची नसेल तर तसंही कळवा, मग मी हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्यात येते आणि समोर बसून भांडते. आईच्या गुडघ्याचा व्यायाम चुकवू नका.

तुमची,
छोटी