वेबिलवरच्या सतरा नोंदी

कराड, ५ डिसेंबर २०२५

चि. रेवतीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, 'बाबा, यंदा कथांचं काय झालं?' आणि मी 'चाललंय' म्हणून विषय थंडीवर नेला. आई शेजारीच मेथी निवडत बसली होती, तिच्यासमोर हिशेब काढायचा नव्हता. आता ती भिशीला गेलीय, तेवढ्यात लिहून टाकतो.

तू करून दिलेली एक्सेल वापरली नाही, रागावू नकोस. उभा जन्म कंडक्टर म्हणून वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरण्यात गेलेल्या हाताला शंभर पानी वहीच बरी. टप्प्याटप्प्याला तिकिटाचा नंबर चढवायचो, तशाच रेघा मारल्या: कथा, कुठं, कधी, काय झालं. जानेवारीपासून सतरा नोंदी. पाच नकार, एक होकार, तिघांचं ठरायचंय. उरलेल्या आठांपुढचा रकाना कोरा.

नकाराची मला जुनी सवय आहे. आमच्या वेळी कथेसोबत स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून परतीचं पाकीट जोडायचं. पोस्टमन फाटकाशी आला की त्याच्या हातातलं स्वतःचं अक्षर लांबूनच ओळखू यायचं. पाकीट जाड असलं की आत काय आहे ते उघडायच्या आधीच कळायचं. 'साभार परत'चं छापील चिठोरं, आणि एखाद्या पानाच्या कोपऱ्यावर चहाचा डाग. त्या डागाचासुद्धा आधार वाटायचा, कुणीतरी चहा पिताना वाचली म्हणजे! 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद पडलं तेव्हा मी कॉलेजात होतो. तिथले संपादक राम पटवर्धन लेखकांकडून कथा पुन्हा लिहून घेत, असं आमचे सर सांगायचे. तिथं काही पाठवायचा धीर झाला नाही. आज वाटतं, नकार तरी चांगल्या हातचा मिळाला असता.

त्या कोऱ्या आठांतल्या सहा दिवाळी अंकांच्या. काशीनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडं लिहिणाऱ्याचं वर्ष दिवाळीला संपतं. कथा मे-जूनमध्ये पाठवायची. एक कथा दोघांकडं धाडायची नाही, हा शिरस्ता मी पाळतो. (सगळे पाळतात असं नाही.) म्हणजे तिकडून उत्तर आलं नाही तर ती कथा तिथंच अडकते, घाटात बंद पडलेल्या गाडीसारखी. गणपती गेले, दसरा गेला. फोन करावा तर लाज वाटते.

मग उरतं वाचनालय. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. दिवाळी अंकांची वर्गणी भरलीच होती. ग्रंथपालबाईंनी पाच अंक पुढं ठेवले. मी चष्मा पुसला आणि पहिल्याची अनुक्रमणिका काढली. बोट कथांवरून खाली, मग वर, मग उगाच कवितांवरूनही फिरवलं, न जाणो चुकून तिकडं गेली असेल. पाचही अंकांत असंच. बाई म्हणाल्या, 'काय शोधताय काका?' मी म्हणालो, 'राशीभविष्य.' त्यांनी बिचाऱ्यांनी पान काढून दिलं. आपली कर्क रास, येणी वसूल होणार म्हणे.

एका मासिकाचा मात्र फोन आला होता. कथा फार आवडली, आजीव वर्गणी भरा, पुढच्याच अंकात घेतो. फुकट्या प्रवाशाकडून दंड घेतलाय गं मी, पण तिकीट काढलेल्याकडून कधी घेतला नाही. ठेवून दिला फोन.

होकार आला तो 'सुट्टे' कथेला. ती म्हातारी आठवते? पाटण गाडीत रोज दोन टप्पे आधी उतरून उरलेली वाट चालायची आणि वाचलेले पैसे पदराच्या गाठीत बांधायची, ती. ही कथा आधी दोन ठिकाणहून परत आली होती. दुसऱ्या संपादकांनी मेलमध्ये एकच ओळ लिहिली होती: 'शेवटचा परिच्छेद कशासाठी आहे?' दोन दिवस मी घरात धुसफुसत होतो. तिसऱ्या दिवशी तो परिच्छेद हातानं झाकून कथा वाचली. म्हातारी उतरते, गाडी धूळ उडवत पुढं जाते, कंडक्टर आरशात बघतो. त्याखाली मी गरिबीवर अकरा ओळी लिहिल्या होत्या. आईला दाखवलं तर म्हणाली, 'अहो, हे मी वैशाखातच सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही जेवणावरून उठलात.' उठलो होतो खरा.

अकरा ओळी काढल्या आणि तिसरीकडं पाठवली. सहा दिवसांत उत्तर आलं. मानधन नाही, अंकाच्या दोन प्रती देणार. एक तुझी.

आता बाकीच्या कथांचे शेवट झाकून बघतोय. चार कथांत तोच घोळ निघाला. सुधारून पुन्हा पाठवीन, पण एका संपादकांना श्रीलिपीत, म्हणजे छपाईवाल्यांच्या जुन्या मराठी टाइपात, हवंय आणि मोबाइलवरचं तिकडं नेलं की सगळे रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. संक्रांतीला येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये. आणि आईला आठांचा आकडा सांगू नकोस, तिला मी तीनच सांगितलेत.

तुझे,
बाबा