घोट्याचे २१ प्रश्न मराठीत कधी? वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

घोट्याचं हाड जुळलं की नाही हे एक्स-रेत दिसतं. पण जिना उतरताना रुग्णाचा हात अजून कठड्यावरच का असतो, ते त्यालाच विचारावं लागतं. त्यासाठी तपासून घेतलेल्या प्रश्नावल्या असतात. 'फूट अँड अँकल अ‍ॅबिलिटी मेजर' ही त्यातलीच एक, २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली. रोजच्या हालचालींचे २१ प्रश्न, खेळाचे ८, प्रत्येकाला ० ते ४ गुण.

ब्राझीलने ही प्रश्नावली आपल्या पोर्तुगीजमध्ये आणली आणि २०१६ मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा कामाची रीत ठरलेली आहे. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, दोन्ही ताडून एक करायचं, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्यांकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचं, तज्ज्ञांनी बसून तपासायचं आणि मग तीस-चाळीस रुग्णांवर वापरून पाहायचं. एवढ्यावरही भागत नाही. ज्याच्या दुखण्यात फरक पडलेला नाही, त्याला काही दिवसांनी पुन्हा विचारलं तर उत्तरं तीच येतात का, हेही बघतात.

आमच्या ओपीडीत काय होतं? फॉर्म इंग्रजी, विचारणारे आम्ही, मराठी ज्याच्या त्याच्या तोंडची. पहिल्या भेटीत मी विचारते, महिन्याने इंटर्न विचारतो. 'थोडा त्रास' आणि 'मध्यम त्रास' यांतली सीमा कोण कुठे धरेल, सांगता येत नाही. आता हिशेब बघा. २१ प्रश्नांचे एकूण गुण ८४. विचारण्याच्या ढंगामुळे सात उत्तरं एकेका पायरीने सरकली, तर टक्केवारी आठाने वर जाते. मूळ अभ्यासात रुग्णाला जाणवेल असा किमान फरक म्हणून जो आकडा दिलाय, तोही आठच! म्हणजे आमच्या केसपेपरवर रुग्ण सुधारतो, घोटा मात्र होता तिथेच.

त्यात 'लागू नाही' हा पर्याय. एखादी हालचाल घोट्याऐवजी दुसऱ्याच कारणाने अडत असेल, तर तिथे खूण करायची आणि तो प्रश्न गुणांतून वगळायचा. उकिडवं बसता येत नाही असं साठीतली बाई सांगते, तेव्हा अडतंय ते गुडघ्यामुळे की घोट्यामुळे, हे वेगळं करून विचारावं लागतं. घाईत ते राहून जातं. खेळाच्या आठ प्रश्नांचं तर बोलूच नका. जी बाई दिवसभर बसून खुरपते, पाण्याचा हंडा घेऊन बांधावरून येते, तिच्या घोट्याची खरी परीक्षा तिथेच होते, आणि खेळाच्या रकान्यात ओळीने 'लागू नाही' पडतं. अशा कामांचे प्रश्न कसे बसवायचे हे तज्ज्ञांनी मूळ लेखकांशी बोलून ठरवावं. ते प्रत्येक फिजिओथेरपिस्टने आपापल्या परीने ठरवायचं नसतं.

मराठीत काहीच झालेलं नाही, असं माझं म्हणणं नाही. पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी अशी कामं करतात. पण प्रबंध ग्रंथालयात जातो आणि तालुक्याच्या दवाखान्यातला माणूस पुन्हा इंग्रजी कागदाची झेरॉक्स काढतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आपण एवढंच सांगावं: राज्यात कोणत्या प्रश्नावल्या मराठीत रीतसर तपासून झाल्या आहेत त्याची यादी करा, मूळ लेखकांची परवानगी घेऊन त्या संकेतस्थळावर मोफत ठेवा, आणि ज्या नाहीत त्या पुढच्या प्रबंधांना विषय म्हणून द्या. रुग्ण घेताना फक्त पुण्या-मुंबईचे घेऊ नका; गडचिरोलीचा आणि सिंधुदुर्गाचाही असावा.

यात यंत्रखरेदी नाही, त्यामुळे निविदाही नाही. फाइल मागे पडायला तेवढं कारण पुरेल, अशी धास्ती वाटते म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिलं.

कळावे,
आपली विश्वासू,
सोलापूर जिल्ह्यातील एक फिजिओथेरपिस्ट